कौतुकाची ताकीद

माणसाचं तोंडावर कौतुक करू नये, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी कोणा साधुपुरुषाकडून उसनं घेतलेलं नाही. अंधेरीच्या एका वातानुकूलित हॉटेलात, कंपनीच्या खर्चाने, दोन दिवस मानसशास्त्र शिकून आल्यानंतर ते तयार झालेलं आहे. तिथे नेमकं उलट शिकवलं होतं, ही गोष्ट वेगळी.

त्या शिबिराला खरं तर आमचे जनरल मॅनेजर चंद्रप्रकाशसाहेब जायचे होते. 'मानसशास्त्र आणि नेतृत्व' असा विषय, दुपारचं जेवण, शिवाय रेक्झिनची एक बॅग. पण ऐन वेळी साहेबांच्या मेहुणीचं लग्न निघालं. साहेबांच्या हाताखालचे सगळे अधिकारी त्या लग्नाला गेले, कारण नेतृत्व म्हणजे काय हे त्यांना शिबिराला न जाताही कळत होतं. उरलो मी. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि येताना कोथिंबीर घेऊन ये म्हणावं तशा आवाजात म्हणाले, "साटम, दोन दिवस जाऊन या. नेतृत्व शिकून या."

मी तेव्हा घाटकोपरला, लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या गजराच्या घड्याळांच्या कंपनीत असेंब्ली खात्याचा प्रभारी सुपरवायझर होतो. यातल्या 'प्रभारी' या शब्दाकडे लोक सहसा लक्ष देत नाहीत. पण तो ज्याच्या नावामागे लागतो त्याला जेवण गोड लागत नाही. प्रभारी म्हणजे बसायला खुर्ची मिळते, पण पाठ टेकायची नसते. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत खात्यात सुधारणा दिसली तर तुम्हाला कायम करू. नाहीतर परत स्टोअर्समध्ये." आणि स्टोअर्समध्ये आता बाळा मुख्य झाला होता. या बाळाला वॉशर आणि नट यांतला फरक मी शिकवला होता. उद्या त्याने मला "साटमकाका, जरा ते वॉशर मोजून ठेवा" म्हणायचं आणि मी ते मोजून ठेवायचे, ही कल्पना मला सहन होत नव्हती. त्यात आमच्या नलिनीने पंतनगरच्या आख्ख्या कॉलनीत पेढे वाटून दारावर पितळी पाटी लावली होती. पाटीवर 'सीताराम साटम, सुपरवायझर' असं होतं. 'प्रभारी'ला जागा पुरत नाही, असं तिने पाटीवाल्याला परस्पर सांगितलं होतं.

खात्यात सुधारणेला वाव भरपूर होता. आमच्या घड्याळात सहाचा गजर लावला तर त्याला स्वतःला जाग येईल तेव्हा ते वाजायचं. सोमवारी निम्मे बाक रिकामे असायचे आणि शनिवारी भरलेल्या बाकांवर पत्ते चालायचे. मी ओरडून पाहिलं होतं. ओरडल्यावर सगळे शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग कोणीतरी "साहेब, पाणी आणू?" असं विचारायचं.

शिबिरात शिकवायला एक टायवाला तरुण होता. त्याने पहिल्याच तासाला सांगितलं की, काम करणाऱ्याला पगाराइतकीच कौतुकाची भूक असते. रागवायचं ते एकटं गाठून, कौतुक करायचं ते चारचौघांत. मग त्याने प्रत्येकाला शेजाऱ्याकडे वळून त्याचं मनापासून कौतुक करायला लावलं. माझ्या शेजारी गोरेगावच्या एका रंगाच्या कंपनीतले गृहस्थ होते. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. कौतुकाजोगं काही सापडेना तेव्हा म्हणाले, "तुमचं ऐकणं फार छान आहे." मी तोपर्यंत एक अक्षर बोललो नव्हतो, हे खरं. पण सांगायला लाज वाटते, तो सबंध दिवस मला हलकं हलकं वाटत होतं. संध्याकाळी बसच्या कंडक्टरचं बोलणंसुद्धा मी छान ऐकलं. म्हणजे शास्त्रात तथ्य होतं. खात्यात मी आता हेच करणार होतो.

सुरुवात घरापासून करायची ठरवली. जेवताना मी पानावरून मान वर केली आणि म्हणालो, "नलिनी, आमटी झकास झाली आहे. तुझ्यासारखी आमटी कॉलनीत कोणाला जमत नाही."

नलिनीने डाव हातात तसाच धरला. मग तो खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. तेव्हा ती हळूच म्हणाली, "खरं सांगा, नोकरी गेली का?"

मी मानसशास्त्र समजावून सांगितलं. तिला ते पटलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आजच आमटी कशी चांगली झाली, असा तिचा प्रश्न होता. नंतर ती शेजारच्या अंबादासला बोलावून घेऊन आली. अंबादास महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आस्थापना विभागात आहे. कॉलनीत कोणाच्या घरी काही विचित्र घडलं की त्याला बोलावतात, कारण त्याला प्रत्येक गोष्टीची पद्धत माहीत असते.

सगळं ऐकून अंबादास म्हणाला, "कर ना कौतुक. पण तोंडी करू नकोस हां. तोंडी कौतुकाला पुरावा काय? उद्या तुझा साहेब विचारेल, काय सुधारणा केलीस? तर काय दाखवणार? तोंड? रीतसर लेखी दे, पोच घे, प्रत फाइलला लाव."

"तुम्ही करता का तुमच्या ऑफिसात कौतुक?" मी विचारलं.

"आमच्याकडे तशी वेळ अजून आलेली नाही," अंबादास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी कार्मिक विभागात जयंतीबाईंकडे गेलो आणि कौतुकाचा फॉर्म मागितला. जयंतीबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे ताकिदीचा छापील फॉर्म होता, रजेचा होता, ओव्हरटाइमचा होता, मशीनमध्ये बोट सापडल्याचा होता. कौतुकाचा नव्हता. नवीन छापायचा तर हेड ऑफिसची मंजुरी लागणार होती आणि ती यायला पुढची दिवाळी उजाडली असती. जयंतीबाई मुळात मदत करणाऱ्या. म्हणाल्या, "साटमसाहेब, ताकिदीचाच वापरा की. मधली जागा रिकामी असते, तिथे कौतुक टाइप करून देते." मला ते पटलं. आता वाटतं की, त्या वेळी फॉर्म एकदा वाचून बघायला हवा होता.

पहिल्या कौतुकासाठी मी लवूची निवड केली. लवू कुडाळकडचा. गजराच्या स्प्रिंगला नेमका ताण देण्याचं काम त्याच्याकडे होतं आणि मनात असलं की तो ते सुरेख करी. मी खात्याच्या मध्यभागी एका खोक्यावर उभा राहिलो, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि म्हणालो, "या लवूसारखा हात घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कोणाकडे नाही. मला त्याचा अभिमान वाटतो." टाळ्या वाजतील म्हणून थांबलो. पंखा फिरत होता, त्याचा तेवढा आवाज आला. मग मी लवूच्या हातात कागद दिला. लवूने तो मोठ्याने वाचला.

"आपणांस याद्वारे सक्त ताकीद देण्यात येते की, आपले काम अत्यंत उत्कृष्ट आहे. यापुढे असे पुन्हा घडल्यास आपल्यावर कडक कारवाई करण्यात येईल."

लवूचा चेहरा उतरला. "साहेबानू," तो म्हणाला, "माजा काय चुकला?"

"काही चुकलं नाही. तुझं काम उत्तम आहे."

"मगे कारवाई कसली?"

"ते छापील आहे रे. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस."

"छापील हा म्हणजे वरसून इला असतला," लवू म्हणाला आणि खाली बसला. त्या दुपारी त्याच्या हातून स्प्रिंग सुटली आणि अंगठ्याला लागली. अंगठा सुजून टोमॅटोसारखा झाला. लवू रजेवर गेला.

मी खचलो नाही. शिबिरात सांगितलं होतं की, सुरुवातीला माणसं अवघडतात, आपण सोडायचं नाही. दुसरी पाळी सुगंधाची होती. डायल बसवणाऱ्या बायकांची ती पुढारी, आणि खात्यात एकही खाडा नसलेली ती एकटीच. या वेळी मी कागद दिला नाही. नुसतं सगळ्यांसमोर म्हणालो, "सुगंधाबाई कधी घरी राहत नाहीत. पायाला जणू चाकं लावली आहेत." दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या पुलावरून उतरताना सुगंधाबाईंचा पाय मुरगळला आणि त्या आठवडाभर घरी राहिल्या.

मग मी माणसांना जरा विश्रांती दिली आणि सामान वाहून नेणाऱ्या पट्ट्याचं कौतुक केलं. "जुना आहे, पण कधी दगा दिला नाही," एवढंच म्हणालो. पट्टा चहाच्या सुट्टीपर्यंत टिकला.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात मालाडचे मोठे व्यापारी कारखाना बघायला आले, आणि चंद्रप्रकाशसाहेबांनी त्यांना आमच्या खात्यात आणलं. भिंतीला तयार घड्याळांच्या रांगा लावलेल्या होत्या. मी त्यांच्यावरून हात फिरवून म्हणालो, "ही तुकडी बघा. एकाचाही गजर चुकायचा नाही." आणि त्याच क्षणी सगळी घड्याळं एकदम वाजायला लागली. शेकडो घड्याळं. व्यापाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. साहेब ओरडून मला काहीतरी विचारत होते, ते मला अजून कळलेलं नाही. चावी उतरेपर्यंत कोणालाच काही करता येईना. सगळं शांत झाल्यावर साहेबांनी एकच वाक्य उच्चारलं, "स्टोअर्समध्ये बाळाला मदतनीस हवाच आहे."

आता खरी पंचाईत सुरू झाली. गिरण्यांच्या संपाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. आमच्या खात्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी गिरणीतला एखादा भाऊ, काका, सासरा बसून होता. माझे वडीलही त्यातलेच, त्यामुळे लोकांची भीती मला समजायला हवी होती. युनियनचा सेक्रेटरी काशीराम याने गेट मीटिंग बोलावली. मी खिडकीच्या आड उभा राहून ऐकलं.

"भावांनो आणि बहिणींनो," काशीराम गरजला, "माझ्या थोरल्या भावाची गिरणी बंद झाली ना, त्याच्या आदल्या आठवड्यात मॅनेजर प्रत्येक खात्यात फिरला. हात हातात घेतला, काय म्हणाला? तुम्ही आमची रत्नं आहात म्हणाला! दुसऱ्या आठवड्यात गेटला टाळं. हे गोड बोलणं कशासाठी चाललंय ते मला चांगलं माहीत आहे. अरे, शिव्या द्या, आम्ही ऐकून घेऊ. आमच्या बापजाद्यांनी ऐकल्यात. पण कौतुक खपवून घेणार नाही!"

"कौतुकशाही मुर्दाबाद!" लोक ओरडले. संध्याकाळपर्यंत मागण्यांचं पत्रक साहेबांच्या टेबलावर आलं. पहिलीच मागणी अशी होती की, व्यवस्थापनाने कामगारांचं एकतर्फी कौतुक तात्काळ थांबवावं, आणि झालेलं कौतुक बिनशर्त मागे घ्यावं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "साटम, मी तुम्हाला नेतृत्व शिकायला पाठवलं होतं ना?"

कारखाना बंद होणार ही अफवा शेवटी सोनूबाईने मोडून काढली. सोनूबाई कँटीनमध्ये चहा करायची. वयाने सगळ्यांची आई शोभेल अशी, त्यामुळे कामगारांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना अरेतुरे करण्याचा हक्क तिला आपोआप मिळालेला. चहाचा पेला काशीरामच्या हातात देत ती म्हणाली, "बंद-बिंद काय नाय रे. लवूचा अंगठा बघ, सुगंधाचा पाय बघ, पट्टा बघ. साटमाची नजर हाय ती. माणूस वाईट नाय, पण नजर लय जोरात हाय."

हे ऐकून काशीरामला हायसं वाटलं. टाळेबंदीवर उपाय नव्हता, दृष्ट लागण्यावर होता. पण मला काय वाटलं हे कोणी विचारलं नाही. मी शिकलेला माणूस. रेक्झिनच्या बॅगेत मानसशास्त्राची टिपणं घेऊन हिंडणारा. आणि माझ्या केबिनच्या दारावर दुसऱ्या दिवशी लिंबू-मिरची टांगलेली. बाक ओलांडून चाललो की बायका पदर सावरण्याऐवजी पदराने काम झाकू लागल्या. लवू सुजका अंगठा बरा करून परत आला तो कानामागे काजळाचा ठिपका घेऊन. मी नुसतं "काय लवू, बरा आहेस ना?" असं विचारलं तर म्हणाला, "नाय साहेबानू, काय बरो नाय," आणि आडोशाला गेला.

बातमी पंतनगरला पोचायला वेळ लागला नाही, कारण सुगंधाबाईंची नणंद आमच्याच कॉलनीत राहते. तळमजल्यावरच्या बाईंनी मला बघून नातवाला पदराखाली घेतलं आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "भावजी, तुम्ही पुढे व्हा हं." अंबादासने त्याच महिन्यात रंगीत टीव्ही घेतला होता. मी बघायला गेलो तेव्हा त्याने टीव्हीवर चादर टाकली. "तू बस, बघ," तो म्हणाला, "मी चादर काढतो. फक्त काही बोलू नकोस. अजून गॅरंटी कार्डावर शिक्का यायचा आहे." मी तसाच उठून घरी आलो. मला खरोखर फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांना चांगलं बोलायला निघालो होतो. नलिनी म्हणाली, "जाऊ द्या हो," आणि लोणच्याची बरणी हळूच फडताळात सरकवली.

नोकरी वाचवायची तर कौतुक बंद करायला हवं होतं, हे मला आता कळलं होतं. मी ते बंद केलंही होतं. पण काशीरामने मला ते पुन्हा सुरू करायला लावलं, तेही नकळत. झालं असं की, काम सोडून पॅकिंगच्या खोक्यांमागे वर्तमानपत्र वाचत बसायची त्याची सवय होती. सेक्रेटरी असल्याने त्याला कोणी बोलत नसे. त्या दिवशी मी तिथून चाललो होतो. मला राग आला. उपरोधाने म्हणालो, "वा, काशीराम! तुमच्यासारखा..."

काशीराम ताडकन उठला. वर्तमानपत्र खाली पडलं. "साहेब, हात जोडतो! पुढचं बोलू नका. घरात पोरीचं लग्न ठरलंय." आणि तो धावत जाऊन बाकावर बसला आणि संध्याकाळपर्यंत मान वर न करता काटे बसवत राहिला.

मी तिथेच उभा राहिलो. टायवाल्या तरुणाने दोन दिवसांत जे सांगितलं नव्हतं ते मला त्या खोक्यांमागे समजलं.

दुसऱ्या दिवसापासून मी कोणावर ओरडलो नाही. उशिरा आलेल्याजवळ जायचं, त्याच्याकडे प्रेमाने बघायचं आणि म्हणायचं, "आज काही बोलत नाही. पण उद्या असं झालं, तर दुपारी कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर, तुझ्या तब्येतीचं कौतुक करीन." सोमवारचे रिकामे बाक भरले. पत्ते बंद झाले. मी नुसता घसा खाकरला तरी चाळीस डोकी घड्याळांवर वाकायची. लवू तर प्रत्येक स्प्रिंग दोनदा तपासू लागला, कारण चूक झाली तर मी प्रेमाने बोलेन अशी त्याला धास्ती होती. गजर लावलेल्या वेळेला वाजायला लागले. सुरुवातीला आमचेच लोक दचकायचे.

एवढं सगळं सुरळीत होतंय असं वाटत असतानाच माझी वाट लागायची वेळ आली. दिवाळीचा मोठा माल मालाडला रवाना झाला, आणि मागे राहिलेलं एक घड्याळ मी सहज हातात घेतलं. डायलवर, सहाच्या आकड्याखाली, बरोबर मध्ये, एक काळा ठिपका होता. मला वाटलं डाग आहे. पुसून पाहिला, गेला नाही. दुसरं घड्याळ घेतलं, त्यावरही ठिपका. मी सुगंधाबाईंना बोलावलं.

"तीट लावली, साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही रोज येऊन मालाकडे बघता. बघू नका कसं म्हणणार? मग आम्ही बायकांनी काट्यांच्या काळ्या रंगाचाच एकेक ठिपका दिला. कोणाला दिसायचा नाही."

"सगळ्या घड्याळांना?"

"एकाला लावायची आणि दुसऱ्याला नाही, असं कसं करणार? सगळी आपलीच ना?"

मी स्टुलावर बसलो. हजारो घड्याळं, ऐन दिवाळीत, तीट लावून बाजारात गेली होती. मला डोळ्यांसमोर वॉशर दिसायला लागले. दोन दिवसांनी साहेबांचं बोलावणं आलं तेव्हा मी केबिनमधलं माझं सामान रेक्झिनच्या बॅगेत भरूनच त्यांच्याकडे गेलो. त्यांच्यासमोर मालाडचे तेच व्यापारी बसले होते.

"साटम," साहेब म्हणाले, "या ठिपक्याची आयडिया कोणाची?"

खोटं बोलावं की खरं, हे ठरायच्या आत व्यापारीच बोलले. ठिपकेवाली घड्याळं हातोहात खपली होती. कसं कोण जाणे, गिऱ्हाइकांमध्ये असं पसरलं होतं की ठिपका असलेलं ओरिजिनल, नसलेलं डुप्लिकेट. शिवाय ती वेळेवर वाजत होती. दुकानदार आता बिनठिपक्याचा जुना माल परत पाठवत होते.

"आयडिया कोणाची?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"खात्यातल्या बायकांची," मी म्हणालो. "मागे थोडं मानसशास्त्र आहे."

साहेब उठून उभे राहिले. "मी आत्ताच्या आत्ता खाली येतो," ते म्हणाले. "तुमच्या सगळ्या माणसांना गोळा करा. शिबिरवाल्यांनी पाठवलेल्या पुस्तकात मी वाचलंय, कौतुक करायचं ते चारचौघांत."

मी म्हणालो, "साहेब, इथेच करा ना. दार लावून." पण साहेब जिना उतरायला लागले होते.

खातं जमलं. साहेब त्याच खोक्यावर चढले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "आजपासून साटम प्रभारी नाहीत! कायम!" एवढ्यावर थांबले असते तर किती बरं झालं असतं. ज्या वाक्यासाठी मी इतके दिवस तळमळलो ते कानांवर पडलं, आणि ते नीट ऐकायलाही मला मिळालं नाही, कारण साहेब पुढे बोलतच राहिले. "असा सुपरवायझर सबंध मुंबईत नाही. काय तब्येत! काय नजर! काय घरदार! याला कधी काही कमी पडणार नाही!" प्रत्येक वाक्याला खात्यातून दबका चीत्कार उठत होता. सुगंधाबाईंनी तोंडावर पदर धरला. लवू डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. मी शिकलेला माणूस आहे. पण त्या खोक्याशेजारी उभा असताना माझ्या डाव्या गुडघ्यात कळ आली, छातीत काहीतरी हललं आणि नलिनी या वेळी सुखरूप असेल ना, असं मनात येऊन गेलं.

साहेब गेले. त्यांच्यामागे दार बंद झालं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी अभिनंदन केलं नाही. मी रुमालाने घाम पुसला आणि मला वाटलं, या माणसांना मी इतकं भिववलं, आता ती माझी दशा बघून मनात हसत असतील. तेवढ्यात गर्दीतून सोनूबाई आली. तिच्या एका हातात निखाऱ्यांची शेगडी होती आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती.

"बस," ती म्हणाली.

"सोनूबाई, अहो, हे ऑफिस आहे..."

"बस म्हणते ना? एवढा लोकांसमोर बोलला मेला, काय समज हाय का त्याला? आपल्या माणसाला असं उघड्यावर सोडायचं व्हय?"

लवूने मला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. काशीराम दाराला पाठ लावून उभा राहिला, साहेबलोकांपैकी कोणी आत येऊ नये म्हणून. सोनूबाईने मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या. आल्यागेल्याची, चंद्रप्रकाशाची, मालाडच्या व्यापाऱ्यांची, अशी एकेकाची नावं घेतली आणि मूठ निखाऱ्यांवर टाकली.

मिरच्या तडतडल्या. आता, आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे की मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच. ठसका लागला नाही, तर दृष्ट जबरदस्त. खात्याच्या खिडक्या बंद होत्या. धूर आढ्याला लागून खाली उतरला. इतका तिखट धूर मी जन्मात अनुभवला नव्हता. माझ्या नाकात, घशात, डोळ्यांत आग झाली. मी खोकणारच होतो, पण समोर नजर गेली.

कोणीही खोकत नव्हतं. लवूचा चेहरा लाल झाला होता आणि मानेच्या शिरा फुगल्या होत्या. सुगंधाबाईंनी पदराचा बोळा दातांत धरला होता. काशीरामने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं होतं आणि त्याचे डोळे बाहेर यायला आले होते. चाळीस माणसं श्वास कोंडून माझ्याकडे बघत उभी होती. मला लागलेली दृष्ट खोटी ठरू नये, एवढ्यासाठी. साहेब जे बोलले ते खरं होतं, असं ठरावं, एवढ्यासाठी. मी रडायला लागलो. धूर होता हे खरं, पण मी धुरामुळे रडलो नाही.

सोनूबाईने सगळ्यांकडे एकदा वळून बघितलं. "बघा," ती समाधानाने म्हणाली, "एकाला ठसका नाय. केवढी लागली होती माझ्या लेकराला!"

ती शेगडी उचलून बाहेर गेली. काशीरामने तिच्यामागे दार लावून घेतलं. आणि मग सबंध असेंब्ली खातं एकदम खोकायला लागलं. बाकांवर डोकी टेकून, एकमेकांच्या पाठी बडवत, डोळे पुसत, माणसं खोकत राहिली, आणि सगळ्यांत मोठ्याने काशीराम खोकत होता.